न उतरलेली उडी

हॅलो?

हॅलो… हां, बोल ताई… अगं कामातच आहे, पण बोल. नळाचे फोटो काढतोय… नळ गं, नळ! बेसिनचा. कॅटलॉग आहे, बत्तीस नळ, आत्ता कुठे एकोणिसावा चाललाय… हस, हस. मासिकाच्या मुखपृष्ठावर ज्याने काढलेला फोटो आला तो माणूस नळाला ग्लिसरीनचे थेंब लावत बसलाय. ओघळला थेंब की पूस, पुन्हा लाव.

तुझा आवाज असा विहिरीतून आल्यासारखा काय येतोय?… स्पीकरवर टाकलाय? का?… अच्छा, केसांना रंग. लाव, लाव. कान सांभाळ तेवढा, मागच्या वेळी आठवडाभर काळा कान घेऊन फिरत होतीस.

घरी कोण आहे गं?… नाही, सहज. भावोजी ड्यूटीवर?… आणि तुझी भिंगरी?… खोलीत. दार लावून… बरं.

कुठे काय? विचारलं आपलं.

हो, आले ना, मला दोन अंक आले टपालाने. तू किती घेतलेस?… चौदा! ताई, दुकान टाकणारेस का?… कोण, दाताचे डॉक्टर? त्यांनी स्वतः मागितला?… वेटिंगमध्ये फ्रेम करून. बरं… केवढा?… दाराएवढा? अगं, दाढ काढायला आलेला माणूस आधीच अर्धमेला असतो, त्यात समोर बारा पायऱ्यांवरून उडी मारणारी पोरगी. पळून जाईल तो.

नाही… मोठी फाइल नाही पाठवत… म्हणजे पाठवेन गं, पण आत्ता नको… कशाला म्हणजे? नको म्हणून नको.

भावोजींनी? बस डेपोत? नोटीस बोर्डावर लावला?… स्वतः? अगं, ज्या माणसाने भिंगरीचा स्केटबोर्ड दोनदा माळ्यावर फेकला… हो ना, "फळकुटावर नाचून पोट भरतं का" म्हणणारे… काय सांगतेस. रडले?… भावोजी?… आरशासमोर दाढी करताना… अंक बेसिनपाशी ठेवून…

ताई, बास. बास कर ना.

अगं चिडलो नाहीये… नाही, नम्रपणाही नाही. मी कसला नम्र? तू पुढचं बोल. तू काहीतरी विचारायला फोन केलास ना? ओळखतो मी तुला. आधी गोड बोलायचं आणि मग हळूच…

काय केलं भिंगरीने?… फाडला? कुठला, फ्रिजवरचा?… चार तुकडे करून… आणि मग?… कचऱ्यात. काही बोलली?… अवाक्षर नाही… हं… परवापासून? ताट आत नेते आणि… तसंच परत… फोन वाजतो आणि उचलत नाही.

मला? मला काय ठाऊक असणार ताई… केला ना, मीही केला. सतरा वेळा केला… नाही उचलला.

हो. बरोबर आहे तुझं. मामाशी अबोला असं कधी झालंच नाही.

ताई, मी संध्याकाळी फोन करू का? इथे थेंब ओघळतोय, लाइट तापलेत… नाही गं, टाळत नाहीये… शप्पथ नको घालूस… बरं. बरं! नाही ठेवत. थांब, लाइट बंद करतो.

हं. झाला बंद.

ऐक. बसलीयेस ना? मध्ये बोलू नकोस फक्त, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालंय माझं. तीन दिवस घास गिळवत नाहीये.

तुला आठवतं, ती चौदा वर्षांची होती. शाळेच्या कठड्यावरून उडी मारली होती, पहिल्यांदा… हो, तोच फ्रॉक घालून, तुझ्याकडून शिव्या खाल्ल्या होत्या. काय दिसत होती त्या फोटोत! पाय जवळ घेतलेले, बोर्ड पायाखाली, चेहऱ्यावर नुसता आनंद. पण ती उतरली नव्हती गं. फोटो हवेतला. त्यानंतर बोर्ड एकीकडे आणि ही दुसरीकडे, ढोपर फुटलेलं. मैत्रिणींना पाठव म्हणून मागे लागली. आणि मी तो फोटो तिच्यासमोर कॅमेऱ्यातून पुसून टाकला.

हो, तेच. दोन दिवस जेवली नव्हती. तू मला किती बोललीस, "दगड आहेस, पोरीचं मन मोडलंस." आणि मी तुला काय सांगितलं होतं? ताई, आमच्या धंद्यात एकच कायदा आहे. लिहिलेला कुठे नाही, पण सगळे पाळतात. उतरली तर फोटो. बोर्डवर दोन्ही पाय, आणि खाली उतरून चार हात पुढे जायला हवं. नाही उतरली तर फोटो काढलाच नाही असं समजायचं. कारण हवेत सगळेच छान दिसतात गं. कोणीही उडी मारू शकतं. उतरणं अवघड असतं. फोटोत ते दिसत नाही, म्हणून तर फोटो काढणाऱ्याने इमान राखायचं. ती काय, बघणारा काय, सगळे माझ्या शब्दावर विसंबून असतात.

हो. मुखपृष्ठाचंच सांगतोय.

नाही उतरली.

…ताई?

आहेस ना? काय पडलं, ब्रश?… राहू दे… नाही, अजून आहे. आधी तिच्या दुखावलेल्या पायाचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं तोंडातून निघणार नाही. ती बसमधून उतरताना पडली नव्हती.

ओरड. ओरड तू. तुझा हक्क आहे… हो, मीच सुचवलं बसचं. तिने नाही, मी. डॉक्टरकडे जाताना रिक्षातच ठरवलं… मला माहितीये गं भावोजींनी तक्रार केली. त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला मेमो मिळाला… हो, दोन मुलींचा बाप… माहितीये. त्याने त्या दिवशी बस चांगली चालवली असेल, त्याला आजतागायत कळलं नसेल आपण काय केलं. तेही पाप माझ्याच डोक्यावर. मी जाईन भावोजींबरोबर डेपोत. सांगेन त्याला… हो, पाय धरायची वेळ आली तर पायही धरेन.

आता ऐकतेस का कुठे पडली?

ग्रंथालयामागच्या पायऱ्या… तिथेच. बारा आहेत. वरून जोरात यायचं, सगळ्यात वरच्या पायरीच्या काठाशी बोर्डला टाच मारायची, बोर्ड पायाखाली एक पूर्ण गिरकी घेतो, आणि तोवर आपण हवेत. मग त्याच्यावरच उतरायचं, बारा पायऱ्या खाली. आपल्या शहरात कोणा मुलीने ते केलेलं नाही. मुलांतही दोघांनीच. चार महिने तयारी करत होती ती.

मी खाली, पायऱ्यांच्या कडेला, पालथा. गाल फरशीला टेकून. तू विचारतेस ना मला, या कामात काय ठेवलंय? आता तरी सांगू दे. अकरा वर्षं मी असाच जमिनीवर लोळतोय. लोकांना वाटतं दारू पिऊन पडलाय, एकदा एका आजीबाईंनी तोंडावर पाणी मारलं. वॉचमन हाकलतात. बोर्ड सुटून येतो आणि नडगीवर बसतो, माझ्या दोन्ही नडग्या बघ कधी. एक लेन्स फुटली, समोरचा एक दात गेला, तो तुझ्याच डॉक्टरांनी बसवला… हो, त्यांना मी जिन्यावरून पडलो सांगितलं होतं. बघ, सवयच लागलेली दिसते. आणि वर्षभरात फोटो किती मिळतात? एक. बरं वर्ष असलं तर दोन. पण ताई, कान जमिनीला असला ना की चाकांचा आवाज आधी ऐकू येतो. घर्र… घर्र… जवळ येत येत… आणि एकदम बंद. म्हणजे ती हवेत. त्या गप्प क्षणात बोट दाबायचं. तेवढ्यासाठी मी बाकीचे सगळे दिवस नळ पुसतो.

कळतंय ना?… हं.

त्या दिवशी अठरा वेळा मारली तिने. अठरा! सतराव्या वेळी उतरलीच होती, हात टेकला नुसता. ऊन तिथे दोन इमारतींच्या मधून येतं, वीस मिनिटंच. सोन्यासारखं पडतं पायऱ्यांवर आणि मग झाकण घातल्यासारखं जातं. मधल्या वेळात वरच्या रस्त्यावर खडीची गाडी गेली. बारीक कच सांडली सगळीकडे, खाली पायऱ्यांच्या पुढेही उडाली. आणि झाडायचं काम कोणाचं असतं माहितीये? माझं. नेहमी माझं. कॅमेऱ्याच्या बॅगेला मी झाडू बांधून नेतो, तू हसतेस ना त्याला. चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला तरी बोर्ड जागच्या जागी थांबतो, आणि माणूस पुढे जातो.

ती वरून ओरडली, "मामा, झाडून घेऊया."

मी म्हटलं, "ऊन जातंय. ये!"

…हो. मी म्हटलं.

ती आली गं. मी बोलावलं आणि ती आली. एका शब्दाने वाद घातला नाही. आणि तो फोटो मिळाला. आजवर काढलेला सगळ्यात चांगला. बोर्ड तिच्या पायाखाली आडवा, केस मागे, उन्हाची एक पट्टी बरोबर तिच्या खांद्यावर. आणि पुढच्या क्षणाला खडा. घोट्याचा आवाज मी ऐकला ताई, कान जमिनीलाच होता.

आणि सगळ्यात वाईट सांगू? सांगू का? मी धावलो तिच्याकडे. धावलोच. पण धावण्याआधी एकदा खाली मान घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं, मिळाला का म्हणून. एकच सेकंद. तिने बघितलं मला बघताना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तेव्हाच. तेव्हाच शहाणा व्हायला हवा होतो.

रिक्षात म्हणाली, "पाय बरा झाला की परत येऊ. तोवर कोणाला दाखवू नकोस." मी म्हटलं, "वेडी आहेस का? मी दाखवेन होय?"

नाही… सांगतो ना. महिन्याभराने मासिकाच्या संपादकबाईंचा मेसेज आला. मुखपृष्ठासाठी काही आहे का? अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून विचारलं. आतल्या पानांत छापलेत त्यांनी माझे फोटो, कोपऱ्यात, काडेपेटीएवढे. मी तो एक फोटो पाठवला. म्हटलं, नुसता बघू देत. लगेच उत्तर आलं, "हाच घेतोय. उतरली ना?"

मी अर्धा तास फोन हातात धरून बसलो. आणि अंगठा पाठवला.

अंगठा गं. ते चित्र असतं ना, वर केलेला अंगठा. म्हणजे बघ माझी अक्कल, मला वाटलं तोंडाने तर खोटं बोललो नाही.

का म्हणजे? का काय सांगू? मोह झाला. दुसरं काही नाही. म्हटलं अंक निघेपर्यंत ती बरी होईल, एकदा उतरून दाखवेल, मग खोटं आपोआप खरं होईल. तिला सांगेन सांगेन म्हणत राहिलो. आणि गुरुवारी तूच अंक घेऊन घरी गेलीस, तिच्या हातात दिलास. तिला तिथे कळलं.

काय?… नाही ताई… ऐक ना… झाकली मूठ कसली? कुठे झाकलेली आहे? तिला माहितीये ना! बाकी जगाला कळो न कळो. रोज भावोजींच्या डेपोत तिची न उतरलेली उडी लटकतेय, उद्या दवाखान्यातही लटकेल, आणि जो भेटेल तो म्हणतोय शाब्बास. तिने काय करावं? हसावं? सांगावं की मामा खोटारडा आहे?

आणि कळणार नाही असंही नाही. या स्केटबोर्डवाल्या पोरांना सगळं कळतं… नाही, मी नाही सांगितलं अजून संपादकबाईंना. मेल लिहिलाय. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला… काय होईल? पुढच्या अंकात खुलासा छापतील आणि मला परत दारात उभं करणार नाहीत. ते मासिकच कशाला, कोणीच नाही. आमच्यात एकदा असं केलं ना की त्या माणसाच्या मागच्या सगळ्या फोटोंकडेही लोक तसंच बघतात. हा तरी खरा का, तो तरी खरा का. अकरा वर्षं गेली समज.

भीती वाटते म्हणून नाही सांगितलं. हो. सरळ भीती. लाज वाटते मला, ताई. तुझ्या तोंडून कौतुक ऐकताना तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं. पोरीला मी शिकवलं, "उतरली तर फोटो." तिने मानलं. चौदा वर्षांच्या पोरीला कळलं ते मला चाळिशीत नाही पाळता आलं.

बोल काहीतरी… शिव्या दे. दगड म्हण पुन्हा… ताई?

ताई, दार कसलं वाजलं?

…भिंगरे, तू?

केव्हापासून दाराआड ऐकत उभी आहेस?… नळापासून. म्हणजे सगळंच.

हो… हो… खरंय… नाही, ऊनबिन, ते काही कारण नाही. मोहच होता… हो, बघितलं मी पडद्याकडे. तू तिकडे विव्हळत होतीस आणि मी… हो. नाही विसरलो.

…मीच पुसला होता, हो. तुझ्यासमोर… बोल ना. तुला जे म्हणायचंय ते म्हण. मी ऐकतोय.

पोरांचे फोन? काय विचारतात?… "व्हिडिओ टाक." …हं. कोणी ना कोणी व्हिडिओ काढलेलाच असतो, विचारणारच. आणि तू काय सांगितलंस?

काहीच नाही?… तीन दिवस? अगं पण तू सरळ सांगून मोकळी व्हायचंस! "मी उतरले नाही, मामाने पाठवला." तुझी काय चूक?… काय?

…माझं नाव जाईल म्हणून?

थांब. थांब जरा, भिंगरे. एक मिनिट दे मला…

…नाही, आहे. आहे मी. डोळ्यात ग्लिसरीन गेलं… बरं, नाही गेलं. रडतोय. झालं?

ऐक. तू आता मला एका शब्दानेही सांभाळून घ्यायचं नाही. माझं ओझं मी उचलतो. कोणी विचारलं तर सांग, मामाला विचारा… हो, आजच. मेल नाही… आत्ता, तुझा फोन ठेवला की लगेच लावतो… नाही गं बाई, अंगठा नाही. तोंडाने सांगतो. "ती उतरली नव्हती, मी खोटं सांगितलं." असंच. याच शब्दांत… मग काढून टाकतील मला. टाकू देत. नळ आहेत ना बत्तीस.

पप्पांना?… त्यांनाही मीच सांगतो. संध्याकाळी घरी येतो. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा… आई काय म्हणतेय?… आधी ड्रायव्हरचं बोल म्हणतेय. हो, हो, तेही. आणि तिला म्हणावं केस धू आधी, पाऊण तास झाला रंग लावून! जांभळी होईल… हसली? ती हसली का? …बरं. नाही हसली.

पाय कसा आहे?… डॉक्टर काय म्हणाले?… अजून तीन आठवडे… आणि मग?

परत तिथेच?… भिंगरे, तुला काही सिद्ध करायची गरज नाहीये. माझ्या खोट्याला खरं करायला तू उडी मारायची नाही, हे आधीच सांगतो… हं… हं. तुझ्यासाठी. चार महिने तयारी केलीस, हो… बरं. नाही अडवत. मी कोण अडवणारा?

मी येऊ?… खरंच येऊ म्हणतेस?

किती वाजता? ऊन तिथे चारच्या सुमाराला… नको? ऊन नको बघायला? बरं. तू म्हणशील तेव्हा… कॅमेरा नाही आणायचा. बरं… फ्लॅशही नाही. काहीच नाही. मग फोटो… कोणीच नाही काढायचा. कळलं. कळलं गं.

मग मी काय करू तिथे येऊन? हात हलवत…

अं?

…हो.

हो, आहे तो. बॅगेलाच बांधलेला आहे अजून… आणतो. वरचा रस्ता, पायऱ्या, खालची फरशी, सगळं झाडतो. हाताने चाचपून बघतो. तू बास म्हणेपर्यंत… नाही, "ये" म्हणणार नाही मी. तुझं तू ठरव.

हो… झाडू घेऊन येतो.